भंगारातील शेगडी

श्रोतेहो, पवईहून साकीनाक्याकडे जाताना लोखंडकामाच्या लहान दुकानांतून वेल्डिंगची ठिणगी लखलखताना आपण पाहिली असेल. ही विद्या शिकणाराने आरंभी भंगाराची शेगडी करावी. तिचा सांधा किंचित वाकडा झाला तरी स्वयंपाकास बाध येत नाही. पाण्याच्या टाकीचे तसे नाही.

मात्र भंगार पारखून घ्यावे. पाण्याचे जुने नळ पायांसाठी फार सोयीचे दिसतात. पण त्यांवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ९०७ अंशांसच उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, आणि घरची मंडळी मलेरियाचे औषध शोधू लागतात! असे नळ वर्ज्यच करावे.

काळ्या काचेवाचून ठिणगीकडे पाहू नये. प्रथम चारी कोपऱ्यांस लहान टाके द्यावे, गुण्या लावून काटकोन पाहावा, मगच सांधा पुरा करावा. शेवटी वरची मळी हातोडीने झाडावी. जोड कसा साधला, हे तिच्याखालीच दिसते.