भरलेला सेल आणि भरवशाचा सेल

माझ्या टेबलाच्या खणात हल्ली कवितांच्या कागदांपेक्षा पेन्सिल सेलच जास्त सापडतात. मी साहित्य घेऊन बी.ए. झालेला माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या सेलविषयी, म्हणजे आपण ज्यांना रिचार्जेबल म्हणतो त्यांच्याविषयी. त्याला कारण झाली एक रात्र.

2018 च्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला अम्मीने हाक मारली. तिला गरगरत होतं, घाम फुटला होता. घरात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, चार सेलवर चालणारं. त्याच्यासाठी चार रिचार्जेबल सेल मी फेब्रुवारीत स्वतः चार्ज करून खणात ठेवले होते. ते घातले. दंडावरचा पट्टा फुगू लागला, निम्म्यावर आला आणि यंत्राचा पडदा कोरा झाला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. शेवटी सुनेला सुचलं. तिने नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचे चार सेल काढून आणले. यंत्र चाललं. आकडा बराच वर गेला होता. डॉक्टरांना फोन केला, रिक्षा बोलावली. दोन दिवस दवाखान्यात राहून अम्मी सुखरूप घरी आली.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. गाडीतले सेल आणि खणातले सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले होते. खेळून खेळून वापरलेले चालले आणि जपून ठेवलेले रिकामे निघाले. असं का व्हावं?

उत्तर शोधताना मला आपल्या घरातला माठ आठवला. माठ रात्री काठोकाठ भरून ठेवला, कुणी एक पेलाही घेतला नाही, तरी सकाळी पाणी थोडं उतरलेलं असतं. माठ पाझरतो. सेलही पाझरतो. वापर नसतानाही त्याच्या आतल्या रासायनिक क्रिया थांबत नाहीत आणि साठवलेली वीज हळूहळू संपत जाते. जुन्या पद्धतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल महिन्याभरात पाव हिस्सा वीज अशीच गमावू शकतात. उन्हाळ्यात पाझर आणखी वाढतो. माझे सेल तीन महिने, तेही एप्रिल-मेच्या उकाड्यात पडून होते. गाडीतले सेल दोनच दिवसांपूर्वी चार्ज केलेले होते. कोडं सुटलं ते असं.

सेल विकत घेताना आपण काय पाहतो? त्यावरचा मोठा आकडा. 2000, 2500, 2800. हा आकडा मिलिअँपिअर-अवरचा. 2000 चा सेल म्हणजे 200 मिलिअँपिअर इतका प्रवाह साधारण दहा तास देऊ शकणारा सेल. माठात किती लिटर पाणी मावतं, तसाच हा आकडा. पण त्यावरून माठ किती पाझरतो ते कळत नाही, आणि तो किती वर्षं टिकेल तेही कळत नाही.

त्या रात्रीनंतर मी सेलची क्षमता मोजून दाखवणारा चार्जर घेतला. तो सेल भरतो, रिकामा करतो आणि किती वीज निघाली ते पडद्यावर दाखवतो. रस्त्यावरच्या एका स्टॉलवर घेतलेल्या, 3000 असं ठळक छापलेल्या सेलमधून निघाले जेमतेम 900. दुसऱ्या, 2000 छापलेल्या सेलमधून 1950. छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत एवढी तफावत असू शकते. तेव्हापासून फार मोठा आकडा आणि फार कमी किंमत एकत्र दिसली की मी पुढे सरकतो.

आता थोडं या सेलांच्या घराण्याविषयी. सर्वांत थोरला निकेल-कॅडमियम. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी तो 1899 मध्ये शोधला. दणकट, पण कॅडमियम हा विषारी धातू. त्यानंतर 1990 च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड बाजारात आला. कॅडमियम नाही आणि साठाही जास्त, पण पाझर मोठा. हा दोष बराचसा दूर झाला 2005 मध्ये. जपानच्या सान्यो कंपनीने कमी पाझरणारा सेल आणला, एनेलूप नावाचा. आज तो पॅनासोनिकच्या नावाने मिळतो आणि इतर कंपन्याही तसे सेल करतात. पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं लिहिलेलं असतं. असा सेल चार्ज करून वर्षभर ठेवला तरी त्यातली बरीचशी वीज शिल्लक राहते.

गंमत अशी की या चांगल्या सेलवरचा आकडा बहुधा लहान असतो, 1900 किंवा 2000. त्याच कंपनीचा 2500 चा सेलही मिळतो. पण 2013 च्या सुमारास कंपनीने स्वतः दावा केला होता तो असा: साधा सेल 2100 वेळा चार्ज करता येईल आणि मोठ्या क्षमतेचा 500 वेळा. म्हणजे एका भरणीत जास्त हवं असेल तर आयुष्यातून मोजावं लागतं.

आणखी एक शंका लोक नेहमी विचारतात. साधा सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल 1.2 चा, मग तो कमजोर नाही का? तसं नाही. साधा सेल दीडपासून सुरू होतो आणि वापरासोबत सतत उतरत जातो. रिचार्जेबल 1.2 च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी झपकन खाली येतो. शिवाय साध्या सेलचं तोंड सुरईसारखं अरुंद. धार बारीक हवी असेल तर ठीक, पण कॅमेऱ्याचा फ्लॅश, मोटारीचं खेळणं, पट्टा फुगवणारं यंत्र यांना एकदम मोठी धार लागते. तिथे रिचार्जेबल सरस ठरतो. मात्र काही यंत्रं 1.2 व्होल्ट पाहून ‘सेल संपत आला’ असा इशारा लवकर देतात, म्हणून यंत्रासोबतची पुस्तिका वाचावी.

अलीकडे दीड व्होल्टचे लिथियम रिचार्जेबल सेलही आले आहेत. त्यांच्या पोटात छोटं सर्किट असतं. ते आतला जास्तीचा दाब उतरवून दीड व्होल्टवर स्थिर ठेवतं. भिंगाच्या दिव्यापासून दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपापर्यंत, ज्यांना पूर्ण दीड व्होल्ट लागतात त्यांना हे सोयीचे. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यांच्यावरचा आकडा पुष्कळदा मिलिवॅट-अवरमध्ये असतो. 3000 पाहून भुलू नका. त्याला दीडने भागा, 2000 मिलिअँपिअर-अवर येतील. दोन, त्यांना त्यांचाच चार्जर लागतो, निकेलच्या चार्जरमध्ये घालू नयेत. आणि तीन, त्या सर्किटमुळे मध्यम लहरींच्या रेडिओत खरखर येऊ शकते. ज्यांना रेडिओवरची भाषणं ऐकायची आहेत त्यांनी रेडिओत निकेलचेच सेल घालावेत!

आता हिशेब. समजा, चार चांगले सेल आणि चार्जर मिळून दीड हजार रुपये पडले आणि चार अल्कलाइन सेलना दीडशे लागतात. म्हणजे दहा वेळा चार्ज केलं की पैसे वसूल. विजेचा खर्च नगण्य, एका युनिटमध्ये असे शंभराहून जास्त सेल सहज भरतात. नातवाची गाडी आठवड्याला सेल संपवते, तिथे अडीच महिन्यांत वसुली. रक्तदाबाचं यंत्र दोन महिन्यांनी सेल मागतं, तिथे वीस महिने. आणि भिंतीवरचं घड्याळ? ते एका स्वस्त सेलवर वर्षभर चालतं. तिथे रिचार्जेबल घालणं म्हणजे पोस्टकार्ड टाकायला टॅक्सी करण्यासारखं आहे.

काळजी घ्यायची ती साधी आहे. चार्जर प्रत्येक सेलकडे वेगळं लक्ष देणारा असावा. सेल भरला की त्याने थांबावं. रात्रभर आंधळेपणाने चार्ज करत राहणारे स्वस्त चार्जर सेल तापवून त्यांचं आयुष्य खातात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो. मी मार्करने जोड्यांवर खुणा केल्या आहेत. आणि संपलेला सेल ओल्या कचऱ्यात टाकू नये. 2022 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. वेगळ्या डब्यात साठवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

आमच्या घरी आता अम्मीच्या उशाशी एक छोटा डबा असतो. यंत्रात कमी पाझरणारे चार सेल आहेत. डब्यात अल्कलाइन सेलचं एक न फोडलेलं पाकीट आहे. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी चालतं. अडीअडचणीला वापरून फेकायचा सेलच बरा, हेही मी आता मान्य केलं आहे. आणि दर महिन्याच्या एक तारखेला नातू तो पट्टा आजीच्या, म्हणजे खरं तर पणजीच्या दंडावर गुंडाळतो, बटण दाबतो आणि आकडा वहीत लिहितो. अम्मीचा रक्तदाब कळतो आणि सेल जिवंत आहेत की नाहीत तेही कळतं. त्याची गाडी मात्र त्या रात्रीपासून मी कधीच बिनसेलाची ठेवलेली नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)