कूस बदलताना येणारी चक्कर: कारणे आणि उपचार

पहाटे कूस बदलली आणि पंखा, छत, खिडकी सगळेच गरगर फिरू लागले. अर्ध्या मिनिटात थांबले. मग माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, देवापुढे डोके टेकवले, की पुन्हा तेच. अशी चक्कर आली की घरातले कोणी म्हणते बीपी वाढले, कोणी म्हणते पित्त झाले, कोणी मानेच्या स्पॉन्डिलायटिसवर बोट ठेवते. पुढे एक्स-रे, मानेला पट्टा आणि महिनोन्महिने गोळ्या. या चक्करेचे सगळ्यात जास्त आढळणारे कारण मात्र आतल्या कानात असते. ते ओळखायला दोन-चार मिनिटे पुरतात आणि त्यावरचा खरा उपचार डॉक्टरांनी हाताने करायचा असतो. ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

आधी हे ठरवा: फिरते की अंधारी येते?

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मनाशी नक्की करा. भोवतालचे सगळे फिरल्यासारखे वाटते, की डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडणार असे वाटते? आणि हे नेमके केव्हा होते? आडवे होताना, कूस बदलताना, वर बघताना किंवा वाकताना सगळे फिरत असेल, तर संशय कानावर जातो. बसलेले किंवा झोपलेले असताना उठून उभे राहिल्यावरच अंधारी येत असेल, तर रक्तदाब क्षणभर उतरत असण्याची शक्यता अधिक.

कानातले स्फटिक जागा सोडतात तेव्हा

आतल्या कानाला ऐकण्याखेरीज तोल सांभाळण्याचेही काम असते. त्यासाठी तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव हलतो आणि डोके कोणत्या दिशेला फिरले याची खबर मेंदूला जाते. शेजारच्या एका छोट्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक पडद्याला चिकटलेले असतात. काही कारणाने ते सुटले आणि एखाद्या नलिकेत शिरले की घोटाळा होतो. डोके हलवून थांबवले तरी स्फटिक खाली घरंगळत राहतात आणि द्रवाला सोबत ओढतात. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, कान सांगतो की अजून फिरतो आहोत. स्फटिक तळाशी बसले की चक्कर थांबते, म्हणूनच ती सहसा मिनिटभरही टिकत नाही.

या आजाराला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. नावात बीपी असले तरी रक्तदाबाशी त्याचा संबंध नाही. बहुतेक रुग्णांत स्फटिक मागच्या नलिकेत अडकलेले असतात, कारण ती सगळ्यात खाली येते.

कोणाला होण्याची शक्यता जास्त?

पन्नाशीनंतर हा आजार वाढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. डोक्याला मार लागणे, दीर्घ आजारात अंथरुणाला खिळणे, आतल्या कानाचा संसर्ग, हाडे ठिसूळ होणे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. अनेकांच्या बाबतीत ठोस कारण सापडत नाही.

निदान कसे होते?

मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितलेली चाचणी आजही वापरली जाते. रुग्णाला तपासणीच्या टेबलावर बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि डोके किंचित मागे लोंबेल अशा बेताने झटकन आडवे करतात. दोष असलेल्या बाजूला काही सेकंदांत चक्कर सुरू होते आणि डोळ्यांची बुबुळे ठरावीक पद्धतीने झटक्याझटक्याने हलतात. डॉक्टर त्यावरून कान कोणता आणि नलिका कोणती हे ओळखतात. लक्षणे आणि ही चाचणी जुळत असेल, दुसरी काही शंका नसेल, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सहसा गरज नसते.

एप्लीची पद्धत: हाताने होणारा उपचार

स्फटिक नलिकेत मोकळे फिरत असतील तर डोके क्रमाने वळवून ते बाहेर काढता येतील, हा विचार अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी मांडला. सुरुवातीला अनेक सहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९९२ मध्ये त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला आणि पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली. सुपात धान्य घोळून खडा कडेला आणतात, तसेच हे काम.

उजवा कान आणि मागची नलिका असेल तर क्रम असा असतो:

१. पाय लांब करून बसवतात आणि मान ४५ अंश उजवीकडे वळवतात.
२. झटकन आडवे करून डोके किंचित खाली लोंबते ठेवतात.
३. डोके तसेच लोंबते ठेवून ९० अंश डावीकडे वळवतात.
४. रुग्ण डाव्या कुशीवर वळतो आणि तोंड जमिनीकडे करतो.
५. हनुवटी छातीकडे ठेवून त्याला हळूच उठवून बसवतात.

प्रत्येक स्थितीत चक्कर थांबेपर्यंत, साधारण ३० ते ६० सेकंद थांबतात. मध्येच चक्कर किंवा मळमळ होते, पण ती ओसरते. एक ते तीन वेळा केल्यावर दहापैकी सुमारे आठ जणांना आराम पडतो. आडव्या नलिकेत स्फटिक असतील तर क्रम वेगळा असतो. म्हणून पहिल्यांदा हे कान-नाक-घसा तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्यावे. मानेच्या मणक्याचा गंभीर त्रास असेल किंवा डोळ्याचा पडदा सरकलेला असेल तर तसे आधीच सांगावे. त्रास पुन्हा उद्भवू शकतो, पण तेव्हाही हाच उपचार उपयोगी पडतो.

गोळ्यांचे काय?

बीटाहिस्टीन, सिनॅरिझीन, प्रोक्लोरपेराझीन ही औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. त्यांच्यामुळे स्फटिक जागेवर परत जात नाहीत. मळमळ फारच असेल तर एखादे औषध दोन-तीन दिवस घ्यायला हरकत नाही. सिनॅरिझीन आणि प्रोक्लोरपेराझीन मात्र दीर्घकाळ घेतल्यास वयस्कर माणसांत कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात, सुस्ती येते आणि पडण्याचा धोका वाढतो. आई-वडिलांच्या गोळ्यांच्या डब्यात अशी गोळी कित्येक महिने चालू असेल, तर ती अजून हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

उभे राहिल्यावर येणारी अंधारी

उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून ते सावरते. हे सावरणे कमी पडले तर मेंदूला क्षणभर रक्त कमी मिळते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर हा दोष आहे असे धरतात. त्यामुळे रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजायला हवा.

उन्हात राबणे, जुलाब, निर्जळी उपवास यांमुळे शरीरातले पाणी कमी होणे हे नेहमीचे कारण. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे, जुना मधुमेह आणि कंपवात हीही कारणे असतात. उपाय कारणाप्रमाणे ठरतो. पाणी पुरेसे प्यावे, उठताना आधी कडेला बसून मिनिटभर पाय हलवावेत, मग उभे राहावे. औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये.

ताबडतोब रुग्णालय गाठा

चक्करेबरोबर बोबडे बोलणे, एक वस्तू दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, चालताच न येणे, अचानक तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे यांतले काहीही झाले, तर वेळ दवडू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तरी त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवा.

घरात घ्यायची काळजी

चक्कर अर्ध्या मिनिटाची असली तरी पडल्याने मोडलेले खुब्याचे हाड अनेक महिने घरात बसवते. त्रास असेपर्यंत शिडीवर किंवा स्टुलावर चढू नका, गाडी चालवू नका. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा. दिवसभर अंथरुणात पडून राहू नका, हालचाल चालू ठेवा.

आणि डॉक्टरांकडे गेल्यावर स्पष्ट विचारा: ‘कूस बदलताना फिरते, तर आडवे करून कानाची चाचणी कराल का?’ या एका प्रश्नाने कित्येक महिन्यांच्या गोळ्या, नको ते स्कॅन आणि त्यांवरचा खर्च वाचू शकतो.