आपल्या गटाची सुरक्षा-वही

फायरफॉक्स मराठीत आलं ते स्वयंसेवकांमुळे. ते खुलं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे कुणीही आतलं वाचावं, चूक दाखवावी, सुधारावी. फोन आणि पैशाच्या सुरक्षेची माहितीही अशीच मिळून लिहिता येते. कोयनानगरच्या गटांनी तशी एक वही करावी. प्रश्न आपल्या बचतीचा आहे.

कामं वाटून घ्या. एकीने फसवणुकीचे प्रकार विचारून घ्यावेत, दुसरीने सोप्या मराठीत लिहावेत, तिसरीने बँकेत जाऊन तपासावेत. जिच्या हाती नुकताच फोन आलाय, तिने ते वाचावं. ती अडली, तर वाक्य बदला. साधनं थोडीच: वही, पेन, पानांचे फोटो काढायला एक फोन. प्रत्येक पानावर तारीख घाला. जुनी माहितीही घात करते. मात्र कुणाचा पिन किंवा आधार क्रमांक वहीत नको.

पहिल्या पानावर लिहा: पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा. उशीर झाला, की रक्कम पुढे निघून जाते.

वही शेजारच्या गटालाही उतरवून घेऊ द्या. त्यांनी चूक काढली, तर रुसू नका, दुरुस्त करा.