दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रियापूर्व काळजी

जन्मतः ओठ दुभंगलेल्या अर्भकाला ओठ सांधण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत निरोगी व सुपोषित ठेवण्यासाठी केलेल्या देखभालीस शस्त्रक्रियापूर्व काळजी म्हणतात. ही शस्त्रक्रिया सहसा वयाच्या ३ ते ६ महिन्यांत केली जाते. टाळूही दुभंगलेली असल्यास ती पुढे, साधारणतः ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान शिवली जाते.

दहाचा नियम

बाळ भूल सोसण्याइतके सुदृढ आहे का, हे ठरवण्यासाठी 'दहाचा नियम' प्रचलित आहे: वय किमान १० आठवडे, वजन १० पौंड (सुमारे साडेचार किलो) आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम प्रति डेसिलिटर. विल्हेल्मसेन व मसग्रेव्ह यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या निकषांतून तो रूढ झाला. भूलशास्त्र प्रगत झाल्याने आज तो काटेकोर अट न राहता मार्गदर्शक मानला जातो. शिवाय ८ ते १२ आठवड्यांच्या सुमारास निरोगी बाळाचेही हिमोग्लोबिन नैसर्गिकरीत्या घटते. त्यामुळे थोडा कमी आकडा म्हणजे आजारच, असे नव्हे.

आहार

खरी अडचण वजनाची असते. टाळू दुभंगलेली असल्यास बाळाला तोंडात पोकळी निर्माण करून दूध ओढता येत नाही. ते दमते, दूध नाकातून येते आणि पोट अर्धवट भरते. अशा वेळी आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. बाळाला उभट धरणे, थोडे थोडे पाजणे व मधूनमधून ढेकर काढणे आवश्यक असते. केवळ ओठ दुभंगलेली बरीच बाळे अंगावर पिऊ शकतात. मध, घुटी किंवा पाणी घातलेले दूध देऊ नये. वजनाची नियमित नोंद ठेवावी, कारण वाढ खुंटल्याचे नुसत्या नजरेला उशिरा कळते.

संसर्ग व लसीकरण

सर्दी-खोकल्यात श्वासमार्ग संवेदनशील होतो व भूल देताना तो आकुंचन पावण्याचा धोका वाढतो. म्हणून ताप किंवा छातीत कफ असल्यास शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात. तारीख हुकू नये म्हणून सर्दी लपवणे बाळाच्या जिवावर बेतू शकते. घरातील धूम्रपानानेही हा धोका वाढतो. लसी वेळेवर द्याव्यात. मात्र लस आणि शस्त्रक्रिया यांतील अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे, अन्यथा लसीचा ताप संसर्गाचा समजला जातो.

उपाशी ठेवणे

पोटातील दूध भुलेखाली फुप्फुसात जाऊ नये म्हणून सर्वसाधारणपणे वरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास व पाणी २ तास आधी थांबवतात. काही रुग्णालयांत ही मर्यादा याहून कमी असते. गरजेपेक्षा अधिक उपवासही अपायकारक आहे, कारण अर्भकाची रक्तशर्करा लवकर उतरते.

महाराष्ट्रात

गर्भवतीने ग्रहणात चिरल्या-कापल्याने ओठ दुभंगतो, ही समजूत निराधार असून तिच्यापायी मातेला दोष दिला जातो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असून त्याअंतर्गत तपासणी व उपचार मोफत होतात.