वाचनाला बक्षीस द्यावे का?

‘दहा पाने वाच, मग मोबाइल देते.’ संध्याकाळी घराघरांत ऐकू येणारे हे वाक्य. मूल दहा पाने भराभर उरकते आणि मोबाइल घेऊन बसते. आईला समाधान वाटते. मुलाने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढलेला असतो: वाचन म्हणजे काम आणि मोबाइल म्हणजे मजा.

मग बक्षीस देऊच नये का? याचे उत्तर मुलानुसार बदलते.

१९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. या सर्व मुलांना चित्रे काढायला मनापासून आवडत असे. काही मुलांना ‘चित्र काढले तर प्रमाणपत्र देऊ’ असे आधीच सांगितले. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक प्रमाणपत्र दिले, तर काहींना काहीच दिले नाही. पुढे बक्षिसाचा विषय संपल्यावर पाहिले, तर आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रे काढत होती. आवडीच्या कामाला मोबदला लावला, की आवड कमी होऊ शकते. म्हणून जे मूल आपणहून पुस्तक उघडते, त्याला आमिष दाखवू नये.

ज्याला वाचनाची गोडीच लागलेली नाही, त्याचे काय? अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतील डॅलस शहरात दुसरीच्या मुलांना प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले. पुस्तक वाचल्याची खात्री छोट्या चाचणीने केली जाई. इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचून समजणे त्यामुळे सुधारले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतील गुणांसाठी पैसे दिले, तिथे मात्र फरक पडला नाही. पुस्तक वाचणे मुलाच्या हातात असते. गुण कसे वाढवायचे, हे त्याला अनेकदा कळतच नाही. त्यामुळे बक्षीस द्यायचेच, तर ते प्रयत्नाला द्यावे, गुणांना नको.

बक्षीस कोणते, यालाही महत्त्व आहे. बार्बरा मरिनाक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांनी २००८ मध्ये तिसरीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचनाबद्दल पुस्तक मिळालेल्या मुलांची वाचनाची ओढ टिकली. खेळण्यासारख्या किरकोळ वस्तू मिळालेल्यांची तेवढी टिकली नाही. म्हणजे चॉकलेट किंवा मोबाइलपेक्षा स्वतः निवडलेले गोष्टीचे पुस्तक बरे.

पण काही मुलांपुढे कोणतेही बक्षीस ठेवले तरी ती वाचत नाहीत. पुणतांब्यात गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवल्याची कथा गावात लहानथोरांना ठाऊक आहे. काही मुलांसमोर छापलेले पानही असे कोरेच असते. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार, देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. अक्षरेच जुळत नसतील, तर बक्षीस हाती लागत नाही. पदरी फक्त अपमान येतो. त्यात घरातले ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात.

अशा वेळी आधी कारण शोधावे. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरते का? वाचताना डोके दुखते, डोळ्यांतून पाणी येते का? हाक मारल्यावर ऐकू येते का? बोलण्यात चुणचुणीत असूनही ते वाचताना अडखळते, अक्षरांची अदलाबदल करते, ओळ सोडते का? डोळ्यांचा नंबर असेल तर चष्म्याने प्रश्न सुटतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातील अध्ययन अक्षमता असेल, तर वेगळ्या पद्धतीने शिकवावे लागते. त्याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येते. दृष्टी, श्रवण आणि अध्ययनातील अडचणी या तपासणीत समाविष्ट आहेत. पथकाला शंका सांगावी. त्यांच्या येण्याची वाट पाहणे शक्य नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात मुलाला दाखवावे.

१९८९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तक देण्यास सुरुवात केली. सोबत पालकांना सांगितले, रोज मुलाला वाचून दाखवा. हे घरीही जमते. रात्री जेवणे आटोपल्यावर पंधरा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवावा. पुस्तक मुलाने निवडावे. एक पान मोठ्यांनी वाचावे, एक मुलाने. आईवडिलांना वाचता येत नसेल, तर ताई-दादाने वाचावे आणि त्यांनी ऐकावे. चूक झाली तर रागावू नये. पुढे काय झाले, एवढेच विचारावे. लहान मुलाला बक्षीस म्हणून आईबाबांची ही पंधरा मिनिटे पुरतात.