जोंगाचा श्वास

लष्कराच्या जोंगा या गाडीचं नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’च्या आद्याक्षरांचं. १९६९मध्ये उभारलेल्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत ती बनत असे. अशा फोर-बाय-फोर गाडीच्या डिफरन्शियलखाली ऑइलचा थेंब दिसला, तर आधी ॲक्सलवरचा ब्रीदर पाहा. चालून तापलं की आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलानं बुजला, तर ती ऑइलला सील-गॅस्केटमधून बाहेर ढकलते. ओढ्यात ॲक्सल झटकन गार झाला, की तीच वाट पाणी आत ओढते आणि ऑइल दुधाळ होतं.

ब्रीदर साफ करूनही गळत असेल, तर ऑइल काढून कव्हर खोला. जुनं गॅस्केट खरवडा, कडा कोरड्या पुसा, नवं बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. मग ताजं ऑइल भरा.