सशाला बाधते ती ओल

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली उतरला, याच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत येऊ लागल्या की ससे पाळणाऱ्या घरांमध्ये धावपळ सुरू होते. पिंजऱ्यावर प्लॅस्टिक चढतं, आत पिवळा बल्ब लागतो, बाळाचं जुनं स्वेटर कापून सशाच्या अंगात घातलं जातं. हिरवा पाला ‘थंड’ म्हणून बंद होतो आणि त्याच्या जागी बाजरीचे दाणे आणि गुळाचा खडा येतो. यामागे माया असते, यात शंका नाही. पण या सगळ्या उपायांच्या बुडाशी एकच समजूत असते, की ससा नाजूक असल्याने त्याला थंडी सोसत नाही. महाराष्ट्रातल्या हिवाळ्यात धडधाकट, पूर्ण वाढलेल्या सशाला नुसत्या थंडीचा धोका फार कमी असतो. त्याला बाधतात ती ओल, अंगावर येणारा वाऱ्याचा झोत, कोंडलेली हवा आणि बंद पडलेलं पोट. आणि यातली ओल, कोंडलेली हवा आणि पोटाची बिघडलेली घडी बहुतेक वेळा थंडीच्या धास्तीपोटी आपणच तयार करतो.

आपल्याकडे विकत मिळणारा पांढराशुभ्र न्यूझीलंड व्हाइट असो, करडा सोव्हिएत चिंचिला असो की काळा-पांढरा डच, सगळे युरोपातल्या एकाच रानटी सशाचे वंशज. त्याचं मूळ घर म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा प्रदेश आणि दक्षिण फ्रान्स. माळरानावर गाडीच्या उजेडात पळताना दिसणारा आपला रानससा हा निराळा प्राणी आहे. तो बिळं करत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पाळताही येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज मात्र जमिनीखाली बिळं खोदून एकत्र राहणारे. बाहेर गारठा असो की ऊन, बिळातली हवा फारशी बदलत नाही, शिवाय तिथे वारा लागत नाही. सशाचं शरीर अशा निवाऱ्याला साजेसं घडलं आहे. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि खाली दाट मऊ लव. ही लव आपल्यात हवा धरून ठेवते आणि दिवस लहान होऊ लागले की आणखी दाट होते. कानांमध्ये रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. गरम झालं की त्या फुगतात आणि उष्णता बाहेर टाकतात, गार झालं की आकसतात. म्हणून पहाटे सशाचे कान हाताला गार लागले, पण तो टवटवीत असेल, खात असेल, तर घाबरायचं कारण नसतं.

सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सियस असतं आणि भोवतालचं १५ ते २० अंश तापमान त्याला सुखाचं वाटतं. हवा ३० अंशांच्या पुढे गेली की तो कासावीस होतो, कारण त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही नीट जमत नाही. म्हणजे पुण्याची जानेवारीतली रात्र त्याच्यासाठी चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा कितीतरी सोसवण्याजोगी. हिमाचलात कुलू खोऱ्यातल्या गडसा इथे केंद्रीय मेंढी आणि लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथे लोकरीसाठी अंगोरा ससे पाळतात, आणि त्यासाठी थंड डोंगराळ मुलूख निवडला तो अंगोराला थंड हवा मानवते म्हणूनच.

यावर कोणी म्हणेल, की थंडीच्या लाटेत ससे दगावतात हे तर आम्ही पाहिलं आहे. ते खरं आहे, पण अशा वेळी पिंजऱ्याची अवस्था काय होती हेही पाहायला हवं. गच्चीवर किंवा अंगणात ठेवलेल्या पिंजऱ्याचा तळ बहुधा जाळीचा असतो. खालून वारा येतो आणि बसायला कोरडी ऊबदार जागा राहत नाही. जाळी झाकायला गोणपाट टाकलं, तर ते मुताने भिजतं आणि तसंच राहतं. लव भिजली की तिच्यातली हवा निघून जाते आणि दाट केस असूनही ससा उघडा पडतो. त्यात वरून प्लॅस्टिक बांधलेलं असलं तर सशाच्या श्वासातली वाफ आत साठते आणि पहाटे थेंब होऊन त्याच्याच अंगावर पडते. मुतातून निघणारा अमोनिया बाहेर जात नाही, नाकाच्या आतलं नाजूक अस्तर त्याने चुरचुरतं आणि तिथे जंतूंना वाव मिळतो. मग शिंका, नाकातून पांढरट स्राव, नाक पुसून पुसून ओले आणि चिकट झालेले पुढचे पंजे. आपण म्हणतो, थंडी बाधली. बाधलेली असते ती कोंडलेली हवा. उभं राहून आपल्याला हा वास येत नाही. पिंजऱ्याशी वाकून, सशाच्या नाकाच्या उंचीवर आपलं नाक नेलं आणि डोळ्यांत झोंबलं, की दोष कशात आहे ते लगेच कळतं.

त्यामुळे पिंजरा सगळीकडून बंद करण्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा आणि वरची फट मोकळी ठेवावी. पिंजऱ्याच्या आत एक छोटं लाकडी खोकं ठेवावं, ससा आत वळू शकेल आणि पाय ताणून पडू शकेल एवढंच मोठं, एका बाजूने उघडं. त्याहून मोठं खोकं त्याच्या अंगाच्या उबेने गरम होत नाही. खोक्यात भाताचा किंवा गव्हाचा कोरडा पेंढा वीतभर भरावा, ससा स्वतःच त्यात खळगा करून बसतो. रोज सकाळी पेंढ्यात मनगटापर्यंत हात घालून तळ चाचपावा. वरून पिवळाधमक दिसणारा पेंढा खाली ओला लागला, तर तेवढा भाग काढून नवा टाकावा. घोंगडी किंवा चादर टाकणं मला योग्य वाटत नाही, कारण ससा ती कुरतडतो आणि दोरे पोटात जातात. ‘केर काढायला सोपं जातं’ म्हणून पेंढ्याऐवजी नुसता कागद पसरतात, पण कागद मूत शोषतो, ऊब धरत नाही.

बल्बच्या बाबतीत मी जरा ठामच आहे. ससा वायर कुरतडतो, पेंढा पेटतो, आणि गरम काचेला चिकटून बसलेल्या सशाला चटका बसल्याचं केसांमुळे उशिरा कळतं. शेगडी किंवा निखारे बंद खोलीत ठेवले तर कार्बन मोनॉक्साइडने ससा आणि माणसं दोघांच्या जिवावर बेततं. स्वेटरने लव दबते, अंग चाटून स्वच्छ करता येत नाही, आणि अंगात काही अडकल्याच्या भीतीने ससा तडफडतो. गरम पाण्याची आंघोळ सर्वांत वाईट. भिजलेली लव तासन्‌तास वाळत नाही, आणि घाबरून मागचे पाय झाडताना ससा स्वतःचा मणका मोडून घेऊ शकतो.

आता उष्ण खुराकाबद्दल. संक्रांतीच्या सुमारास आपल्या जेवणात बाजरी, तीळ आणि गूळ येतात, तेच तत्त्व सशाला लावलं जातं. पण सशाच्या उबेचा एक भाग त्याच्या आतड्यात तयार होतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक पिशवीसारखा भाग असतो, त्यात गवताचा चोथा जंतूंच्या मदतीने आंबतो आणि त्यातून उष्णता निघते. ही शेगडी गवतावर चालते. दाणे आणि गूळ पोटात गेले की तिथल्या जंतूंचा तोल ढळतो, पोट फुगतं आणि ससा खाणंच थांबवतो. म्हणून थंडीत वाढवायचं असेल तर सुकं गवत वाढवावं. दिवाळीनंतर कापून वाळवलेलं मारवेल किंवा पवन्या गवत उत्तम, फक्त त्याला बुरशी नको. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो, पण त्यात कॅल्शियम जास्त असल्यामुळे मोठ्या सशाला रोज भरपूर देऊ नये. मेथी-कोथिंबिरीचा पाला ‘थंड’ म्हणून तोडायची गरज नाही, पाणी झटकून द्यावा. पाणी मात्र पहाटे फार गार झालेलं असेल तर बदलावं, कारण कमी पाणी पिणारा ससा कमी खातो.

परदेशात तर ससे बर्फातही बाहेर राहतात, असं सांगणारेही भेटतात. तिथले ससे उन्हाळ्यापासून बाहेर असतात, त्यांची लव गारठ्याबरोबर दाट होत जाते, पेंढ्याने भरलेलं कोरडं खोकं आणि सोबतीला दुसरा ससा असतो. आपल्या फ्लॅटमध्ये महिनोन्‌महिने वाढलेला ससा जानेवारीत एकदम गच्चीवर ठेवला, तर त्याच्याजवळ यातलं काहीच नसतं. अशा सशाला घरातच राहू द्यावं. घरातला कोपराही दाराच्या फटीसमोरचा नसावा. बाहेर ठेवण्यात आणखी एक धोका असतो. हिवाळ्याच्या लांब रात्री पिंजऱ्याजवळ मांजर घिरट्या घालते, आणि जाळी शाबूत असली तरी नुसत्या भीतीने ससा मरू शकतो.

थंडी खरोखर सोसत नाही ती म्हाताऱ्या, आजारी आणि नुकतेच केस कापलेल्या सशांना, आणि सर्वांत जास्त नवजात पिल्लांना. ती जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. मादी स्वतःच्या छातीचे केस उपटून घरटं भरते आणि पिल्लं एकमेकांना बिलगून त्यात ऊब धरतात. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटांसाठीच पाजायला येते. हे पाहून ‘आईने टाकलं’ असं समजून पिल्लं उचलून कापसात ठेवणं ही मोठी चूक. पोट गोल आणि ताणलेलं दिसत असेल तर पिल्लू पोटभर प्यालेलं आहे. पण एखादं घरट्याबाहेर पडलेलं असेल तर मात्र उचलून आत ठेवावं. मांजर तोंडात धरून पिल्लं हलवते तसं सशीण करत नाही. तुमच्या हाताचा वास लागल्याने ती त्याला दूरही करणार नाही.

मोठा ससा पाठ कुबड करून कोपऱ्यात बसला, दात करकरा वाजवू लागला, लेंड्या बारीक आणि मोजक्या झाल्या किंवा १२ तासांत त्याने काहीच खाल्लं नाही, तर पहिलं कारण थंडी धरू नये. पोट थांबल्यानेही अंग गार पडतं, आणि अंग गार पडलेला ससा जास्त धोक्यात असतो. त्याला कोरड्या टॉवेलात गुंडाळावं, कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून शेजारी ठेवावी, ब्रँडी किंवा मध तोंडात घालू नये, आणि सकाळची वाट न पाहता सशांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा. अशा डॉक्टरांचा नंबर हिवाळा सुरू होण्याआधीच शोधून ठेवावा, कारण जनावरांच्या प्रत्येक दवाखान्यात सशावर उपचार होतातच असं नाही.